नावाचा रकाना

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
१२ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. सुलभाआत्यास,
सुनेत्राचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेला गोडा मसाला पोचला. पाकीट वाटेत फुटलं होतं, त्यामुळे इथला पोस्टमन दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघतोय. तुझ्या सांता क्लाराला आपली माणसं पुष्कळ, तिथल्या पोस्टमनला सवय असेल. इथे अख्ख्या गल्लीत मी एकटी.

मला काम मिळालं. आमच्या इंग्रजी विभागातल्या प्रोफेसर डनबारांची मी असिस्टंट झाले. गृहस्थांचे पूर्वज सहा पिढ्यांपूर्वी स्कॉटलंडहून आले होते, पण बोलण्याचा थाट असा की हे काल संध्याकाळीच बोटीतून उतरले. खोलीत चौकड्यांची घोंगडी टांगलेली आणि खुर्चीवर बॅगपाइप, म्हणजे पिशवीचं पुंगीवाद्य, जे त्यांना वाजवता येत नाही. दुपारी ते डब्यातले तेलातले मासे बोटांनी खातात आणि त्याच बोटांनी माझे कागद चाळतात. मी दिलेलं प्रत्येक पान अंगठ्याचा तेलकट डाग घेऊन परत येतं. आत्या, मला अक्षरशः मळमळतं. कागद बाल्कनीत वाळत घालते तरी वास जात नाही.

काम मात्र छान आहे. स्कॉटलंडच्या जुन्या बोलीत रानातल्या जनावरांना जी नावं होती, ती गोळा करायची. ही बोली इंग्रजीची चुलत बहीण म्हण ना. इथून आठ मैलांवर एका वृद्धाश्रमात मिसेस रेनी नावाच्या बाई आहेत, वय चौऱ्याऐंशी. लग्न होऊन १९२३ साली इकडे आल्या. त्यांचे वडील शेताशेतांतून मोल पकडत फिरायचे. मोल म्हणजे जमीन उकरून पिकाची वाट लावणारा एक आंधळा प्राणी. त्यामुळे बाईंच्या डोक्यात सगळं रान भरलेलं आहे. कोल्हा म्हणजे टॉड, बेडूक म्हणजे पडक, घुबड म्हणजे हूलेट, ससा म्हणजे मॉकिन. फूमर्ट म्हणजे कोंबड्या चोरणारा, अंगाला घाण मारणारा एक प्राणी. त्यांच्या गावचे कोळी समुद्रावर सशाचं नाव घेत नसत. कुणी चुकून घेतलंच तर होडी परत फिरवायचे. मी सांगितलं की आमच्या कोकणातही दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, म्हणजे तुमची माणसं शहाणी आहेत.

दर शनिवारी टेपरेकॉर्डर घेऊन जाते. प्रत्येक कॅसेटबरोबर एक फॉर्म भरायचा असतो: सांगणाऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव. माझा नावाचा रकाना अडलाय. त्यांच्या दारावरच्या पाटीवर ‘मिसेस रॉबर्ट रेनी’ आहे, ते तर नवऱ्याचं नाव. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला तोंडावर तुझं नाव काय म्हणून विचारायला माझी जीभ रेटत नाही. मी त्यांना आजी म्हणते. अर्थ सांगितला तर खूष झाल्या. म्हणून रकान्यात ‘आजी’ एवढंच लिहिलं आणि वडिलांचा रकाना तूर्त सोडून दिला. त्यांची एकच मागणी आहे. पुस्तक निघेल तेव्हा हे शब्द आपल्या वडिलांचे आहेत हे त्यांच्या आणि वडिलांच्या, दोघांच्या नावानिशी छापलेलं असावं. मी शब्द दिला आहे, नावं तोवर कुणाकडून तरी कळतीलच.

काल ‘हर्चन’ नावाचं जनावर कळलं. अंगभर काटे, अंधार पडला की कुंपणाकडेने फिरतं, कुत्र्याने तोंड घातलं तर रक्तबंबाळ. इंग्रजी नाव त्यांना आठवेना, अमेरिकेत तो प्राणीच नाही म्हणाल्या. मी लगेच ओळखलं! आपल्या गुहागरच्या बागेत माडाची रोपं उकरणारं साळिंदर. ऐटीत ‘पॉर्क्युपाइन’ लिहून टाकलं.

काकांना नमस्कार, विक्रमला हाय. मसाल्यासारखाच लोभही पाठवत राहा, फुटून आला तरी चालेल.

तुझी,
सुनेत्रा


सांता क्लारा
२६ फेब्रुवारी १९८४

चि. सुनेत्रा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र जेवताना वाचलं आणि ते तेलकट अंगठ्याचं वाचून ताट बाजूला सारलं. तुझ्या प्रोफेसरांचं नाव मी आजपासून फूमर्ट ठेवलं आहे. काकांनाही सांगितलं, तेही हसले.

किळसवाण्या गोष्टींत आम्हीही मागे नाही. विक्रमने शाळेतला चिरलेला बेडूक प्लास्टिकच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला, तोही देवाच्या दुधाशेजारी. मी डबा उघडला श्रीखंड समजून. ओरडले तर कार्टं म्हणतं, मॉम, इट्स फॉर बायॉलॉजी, चिल. सगळा फ्रिज पुसून काढला, दूध फेकलं आणि संध्याकाळपर्यंत मला काही घशाखाली उतरलं नाही. तुझ्या आजीबाईंना विचार, पडक फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या मुलाला त्यांच्या बोलीत काय म्हणतात.

आजीबाईंचं नाव विचारलं नाहीस हे बरं केलंस. मोठ्यांचा मान ठेवणं अमेरिकेत जाऊन विसरली नाहीस, दादाला कळवते, लेकीचं ऐकून त्याला बरं वाटेल. मी तर लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ह्यांचं नाव अजून तोंडातून काढलेलं नाही. इथे बँकेत विचारलं की चिठ्ठीवर लिहून देते. तिथली बाई मला मुकी समजते आणि हातवारे करून बोलते. समजू दे. माझं काम होतं ना?

कंपनीत दिवसभर कागदी टोपी घालून मायक्रोस्कोपखाली कॉम्प्युटरच्या चिपा तपासते. मान आखडते, बाकी ठीक. थंडीत कान बांधत जा.

आशीर्वाद न मागताही मिळतात, पत्र मात्र मागून घ्यावं लागतं, ते लवकर लिही.

आत्या


कॅरी
३ मार्च १९८५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

चार महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. राग पुढे ढकल, आधी हे वाच.

पुस्तक निघालं. इथल्या एका छोट्या छापखान्यात पाचशे प्रती काढल्यात. उन्हाळ्यात स्कॉटिश लोकांची जत्रा भरते तिथे विकायच्या आहेत. डनबारांनी मला पहिली प्रत सही करून दिली. मी उभ्या उभ्या प्रस्तावना वाचली.

मिसेस रेनींचा उल्लेखच नाही, आत्या! ना त्यांचा, ना त्यांच्या वडिलांचा. गृहस्थ लिहितात की ही सगळी नावं त्यांनी लहानपणी सुट्टीत स्कॉटलंडला जाऊन स्वतःच्या आजीच्या मांडीवर बसून ऐकली. आजीच्या शेतात टॉड यायचा, आजीच्या विहिरीत पडक ओरडायचे. मी सात महिने शनिवारी शनिवारी जाऊन आणलेला शब्द न् शब्द त्या काल्पनिक म्हातारीच्या तोंडी घातलाय. सहा पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या घराण्याची ही आजी तिकडे होऊन गेली की नाही तेही देव जाणे. शेवटी माझे आभार आहेत, ‘टायपिंगच्या मदतीबद्दल’.

मी विचारायला गेले. ते मासे खात होते. हसून म्हणाले की तुझ्या फॉर्ममध्ये सांगणाऱ्याचं नावच नाही, वडिलांचंही नाही. ‘आजी’ नावाचं माणूस जगात कुठे असतं? मी कोणाचं नाव छापायचं होतं? आणि रुमालाला बोटं पुसत, विद्यापीठाच्या तुझ्या पुढच्या वर्षीच्या पत्रावर माझी सही लागते ना, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. खोलीवर येऊन साबणाने हात धुतले, का ते मलाही माहीत नाही, मी कशाला हातसुद्धा लावला नव्हता.

आजी दर शनिवारी विचारतात, पुस्तक आलं का. काय सांगू?

तुझी,
सुनेत्रा


सांता क्लारा
१० मार्च १९८५

चि. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद.

फूमर्ट हे नाव कमी पडलं त्या माणसाला. आयत्या बिळात नागोबा! निदान नागोबा बीळ माझ्या आजीने खणलं म्हणून सांगत नाही.

पण सुनेत्रा, तू तोंड उघडायचं नाहीस. हात दगडाखाली आहे तो आधी सोडवून घे. तुझा व्हिसा त्या विद्यापीठाच्या पत्रावर, तुझी पदवी त्या माणसाच्या सहीवर. दादाने घरावर कर्ज काढून तुला पाठवलंय ते एका म्हातारीच्या नावासाठी परत यायला नाही. माझ्याच कंपनीत मी शोधलेली चूक सुपरवायझर स्वतःच्या नावावर मीटिंगमध्ये सांगतो आणि मी त्याला गुड जॉब म्हणते. चीड येत नाही असं नाही. घरी येऊन भांडी आपटते.

आजीबाईंना सांग पुस्तक यायला वेळ आहे. पंच्याऐंशीला आलेलं वय, किती दिवस विचारतील? लिहायला वाईट वाटतं, पण खरं ते खरं.

जपून राहा. माझ्या बोलण्याने लोभ आटणार नाही एवढी खात्री आहे.

आत्या


कॅरी
१८ मार्च १९८५

आत्या,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी खोटं बोलायचं ठरवलं आणि ते मला नीट जमलंही नाही.

शनिवारी गेले तर आजींना पुस्तकाचं आधीच कळलेलं. तिथल्या नर्सने वर्तमानपत्रात वाचलं होतं. वाचून दाखव म्हणाल्या. माझ्या पिशवीतच होतं. मी प्रस्तावना वगळली आणि नुसते शब्द वाचत गेले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, प्रत्येक शब्दाला मान हलवत. ‘हर्चन, पॉर्क्युपाइन’ वाचलं आणि त्यांनी डोळे उघडले. इतक्या हसल्या की नर्स धावत आली. स्कॉटलंडात साळिंदर? कुठल्या गाढवाने लिहिलं? मूठभर जनावर ते, घाबरलं की चेंडूसारखं गुंडाळी करून पडतं.

ते गाढव मीच, आत्या. ग्रंथालयात जाऊन पाहिलं. त्याचं नाव हेजहॉग, साळिंदराशी नातंसुद्धा नाही, आणि स्कॉटलंडच्या रानात साळिंदर नाहीच. मग घरी प्रस्तावना पुन्हा उघडली. त्यात डनबार लिहितात की त्यांच्या आजीने त्यांना स्कॉटलंडमधल्या शेतात जिवंत पॉर्क्युपाइन दाखवला होता आणि त्याचा वीतभर काटा अजून त्यांच्या टेबलावर आहे! माझी गुहागरची चूक त्यांनी काट्यासकट गिळली. त्यांची चोरी पकडायला एवढा पुरावा पुरे. पण तो दाखवायचा म्हणजे चूक माझी होती आणि फॉर्मचे रकाने मी भरले नाहीत, हेही सांगायचं.

हसणं थांबल्यावर आजींनी विचारलं की वडिलांचं नाव कुठे छापलंय. मी म्हटलं, शेवटच्या पानावर. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, शेवटच्या पानावरून बोट फिरवलं आणि उशाशी ठेवलं. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी म्हटलं.

डनबारांची किळस आता कमी झालीय, कारण तेवढीच माझीही येते.

सुनेत्रा


सांता क्लारा
२९ मार्च १९८५

चि. सुनेत्रा हिस,
आत्याचे आशीर्वाद.

घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. मग आता सांगते. गेल्या मंगळवारी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि हे स्वयंपाकघरातच कोसळले. विक्रम शाळेत. मी फोन केला, ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या पोराने ह्यांच्या गालावर थापट्या मारत मला विचारलं, यांचं नाव काय, नावाने हाक मारायची आहे. आणि माझ्या तोंडून नाव निघेना. खरंच निघेना गं. ओठ हलतात, आवाज नाही. चिठ्ठी लिहायला पेन शोधायला लागले, तिथे माझा नवरा जमिनीवर निळा पडत चाललेला! त्या पोराने पुन्हा विचारलं, ओरडून. मी म्हटलं, मिस्टर. म्हणाला, मिस्टर व्हॉट, लेडी?

त्या क्षणी मला माझी जी शिसारी आली ती सांगता येत नाही. ज्या मानाचं मी तुझ्यापाशी कौतुक करत होते, तो मान म्हणजे काय, तर माणूस चाललाय आणि बायको मुकी उभी. मग मी सगळा जोर करून ओरडले, नरेंद्र! नरेंद्र! शेजारची बाई बाहेर आली. ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं की दुखण्यापेक्षा धक्काच जास्त बसला असावा. आता घरी आलेत. हळूच म्हणतात, परत एकदा म्हण. मी म्हणत नाही, पथ्याची पेज देते.

मागचं पत्र मी लिहिलं ते विसर. आता ऐक. जा आणि सांग. तुझी चूकही सांग, त्या माणसाची चोरीही सांग. सही नाही मिळाली तर दुसरा प्रोफेसर शोधू, व्हिसाचं अडलं तर इकडे ये, इथल्या कॉलेजांत विचारू. दादाला मी समजावते, मोठा असला तरी मला घाबरतो. पण त्या बाईंशी खोटं बोलून गप्प बसलीस तर मला पत्र लिहू नकोस.

हे रागाने लिहिलं आहे आणि मायेनेही, कुठलं वाक्य कशाने ते तू ओळख.

आत्या


कॅरी
२५ एप्रिल १९८५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

काकांची तब्येत सुधारतेय वाचून जीव भांड्यात पडला. पेज खाऊ घाल आणि नावही घे, दोन्ही औषधंच.

मी विभागप्रमुखांकडे गेले. बाई कडक आहेत, हसत नाहीत. त्यांच्यासमोर माझी हस्तलिखित पानं ठेवली, तेलकट अंगठ्यांसकट, आणि ग्रंथालयातलं प्राण्यांच्या माहितीचं पुस्तक ठेवलं. साळिंदर माझ्या चुकीने आलं हे आधी सांगितलं. फॉर्ममध्ये नाव का नाही तेही सांगितलं. त्यांना ते कितपत कळलं कोण जाणे, पण लिहून घेतलं. मग डनबारांना बोलावलं. ते आधी म्हणाले, आजीने प्राणिसंग्रहालयात पाहिला असेल. प्रस्तावनेत शेत लिहिलंय म्हटल्यावर म्हणाले, ही या मुलीची गफलत आहे, मी विश्वास ठेवला. प्रमुखबाईंनी थंडपणे विचारलं की मुलीची गफलत तुमच्या आजीला साठ वर्षांपूर्वी कशी झाली? तेव्हा डनबार उठले. जाताना माझ्याकडे पाहून त्यांनी ओठ चाटले.

निकाल असा: पुस्तकं जाळत नाहीत, प्रस्तावनेच्या पानावर प्रत्येक प्रतीत एक चिठ्ठी चिकटवायची. माझं त्यांच्याकडचं काम सुटलं. मला ग्रंथालयात पुस्तकं लावण्याचं काम मिळालंय आणि मार्गदर्शक म्हणून दुसऱ्या एका बाई तयार झाल्यात. वर्ष फुकट जाईल, व्हिसा राहील. दादांना तू सांग, मला भीती वाटते.

चिठ्ठीचा मजकूर मी लिहायचा होता, त्यात आजींचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव घालून. म्हणून गेल्या शनिवारी गेले आणि सगळं खरं सांगितलं. प्रस्तावना वाचून दाखवली. शेवटचं पान कोरं आहे हे सांगितलं. मग कागद पुढे ठेवून विचारलं, तुमचं नाव काय?

उशाशी ठेवलेलं पुस्तक आजींनी दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तसं, माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, या घाणीत माझ्या वडिलांचं नाव नको. ते मोल पकडायचे, पण पकडलेला प्रत्येक मोल ज्या शेतात सापडला त्या शेतकऱ्याला नेऊन दाखवायचे, एका शेतातला दुसऱ्याच्या नावावर खपवत नसत. मग म्हणाल्या, सात महिने प्रत्येक शनिवारी टेप घेऊन आलीस, कोल्ह्याचं नाव विचारलंस, बेडकाचं विचारलंस, माझं नाही विचारलंस. मी वाट बघत होते.

मी रडत सांगितलं की आमच्याकडे मोठ्यांना नाव विचारत नाहीत, तो मान असतो. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, असेल. मला इथे साठ वर्षं सगळे मिसेस रॉबर्ट रेनी म्हणतात, तोही मानच आहे. आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. नाव सांगितलं नाही. पुस्तकासाठी नाही आणि मलाही नाही.

त्या खोलीबाहेर बाकावर बसून मी चिठ्ठी लिहिली. मग आत जाऊन त्यांच्या पाठीला वाचून दाखवली: ‘या पुस्तकातले शब्द लेखकाचे नाहीत, त्याच्या आजीचेही नाहीत. ते ज्या बाईंनी सांगितले त्यांनी आपलं आणि आपल्या वडिलांचं नाव या पुस्तकात छापायला नकार दिला आहे.’ त्या वळल्या नाहीत, पण शेवटचं वाक्य परत वाच म्हणाल्या. मी वाचलं. हं, म्हणाल्या.

प्रमुखबाईंनी एकही अक्षर न बदलता ते छापायला दिलं. आज सकाळपासून मी चिठ्ठ्या चिकटवतेय, तीनशे झाल्या, दोनशे उरल्या. बोटं डिंकाने चिकटलीत, म्हणून अक्षर असं आलंय.

येत्या शनिवारी टेपरेकॉर्डर न घेता जाणार आहे. आत येऊ दिलं तर बसेन आणि पुन्हा नाव विचारेन. नाही सांगितलं तर त्याच्या पुढच्या शनिवारी.

तुझ्या रागाची आणि मायेची वाक्यं मला ओळखता आली नाहीत, दोन्ही मिळून पाठवत जा.

तुझी,
सुनेत्रा